जुनी मराठी पुस्तकं-मासिकं जमवायची आहेत? आधी प्रत बघायला शिका

‘आजोबांच्या वेळची पुस्तकं आहेत, बघता का? खूप जुनी आहेत.’ महिन्या-दोन महिन्यांतून असा एक फोन येतोच. मी विचारतो, ‘शीर्षकपान आहे का? त्याच्या मागच्या बाजूला काय छापलंय?’ पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, ‘ते नाही बघितलं. पण पानं अगदी पिवळी पडलीत हो.’

पानं पिवळी पडायला शंभर वर्षं लागत नाहीत. स्वस्त लगदा-कागदावरची रहस्यकथा दहा-पंधरा वर्षांत तपकिरी होते आणि बोटाखाली तुटायला लागते. उलट दीडशे वर्षांपूर्वी चिंध्यांच्या कागदावर छापलेली पोथी अजून दणकट असते. तेव्हा रंगावर जाऊ नका.

वाचायचंच असेल तर आता घरबसल्या पुष्कळ मिळतं. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने नेटवर ठेवलेत. राज्य मराठी विकास संस्थेने कितीतरी जुने ग्रंथ स्कॅन करून खुले केलेत. मग कपाटं कशाला भरायची? स्कॅनमध्ये जे येत नाही त्यासाठी. कागदाचा पोत, मुखपृष्ठाचे मूळ रंग, साबणाच्या आणि केशतेलाच्या जाहिराती, कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेलं ‘चि. मालूस, मंगळागौरीनिमित्त’. मजकूर पुन्हा छापता येतो, पण ही एक विशिष्ट प्रत पुन्हा तयार होत नाही. आपण जमवतो ती प्रत, हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात.

पहिली पायरी: कोपरा लहान धरा

‘मी दिवाळी अंक जमवतो’ असं म्हणू नका. दरवर्षी शेकड्यांनी दिवाळी अंक निघतात आणि ही परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून चालू आहे. पहिल्या दोन वर्षांत मी तीन-साडेतीनशे अंक आणले. त्यातले बहुतेक नंतर मीच रद्दीत घातले, कारण त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. बायकोने त्या दिवशी शिरा केला होता.

कोपरा असा हवा की तो एका कपाटात मावेल आणि दहा वर्षांत बऱ्यापैकी भरेल. दीनानाथ दलालांची किंवा रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं घ्या. दलाल तर ‘दीपावली’ हा अंक स्वतःच काढत, त्यामुळे तिथे चित्रकार आणि संपादक एकच. किर्लोस्करांची तीन मासिकं घ्या: १९२०ला ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून सुरू झालेलं ‘किर्लोस्कर’, १९३०चं ‘स्त्री’, १९३४चं ‘मनोहर’. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ला बंद पडलं, म्हणजे त्या संचाला शेवट आहे आणि शेवट असलेला संच जमवायला बरा. साठच्या दशकातली अनियतकालिकं, म्हणजे ‘असो’, ‘वाचा’ वगैरे, मुळात थोड्या प्रतींत निघायची. ती जपून ठेवावीत असं तेव्हा फारसं कुणाला वाटलंही नाही. नवख्या माणसाने तिथून सुरुवात करू नये, हात पोळतात. जुनी पाकशास्त्राची पुस्तकं, शाळेची क्रमिक पुस्तकं, नाटकांची हँडबिलं, स्वतःच्या गावात छापलेलं काहीही, हे कोपरे अजून बरेचसे मोकळे आहेत. मला कुणी विचारलं तर मी शेवटचा सुचवतो. सांगली, अमरावती, बेळगाव, पणजी, जिथले असाल तिथल्या छापखान्यांची नावं हुडका. त्यात स्पर्धा नाही आणि शोधायला गल्ल्या पायाखालच्या असतात.

दुसरी पायरी: साल काढायला शिका

पुष्कळ जुन्या प्रतींवर साल सापडत नाही. शीर्षकपान गेलेलं असतं किंवा प्रकाशकाने छापलेलंच नसतं. अशा वेळी प्रत स्वतःच बोलते, आपल्याला ऐकता यायला हवं.

शके दिसलं की ७८ मिळवा. शके १८०३ म्हणजे १८८१. फक्त पौष ते फाल्गुन या महिन्यांत इंग्रजी वर्ष बदललेलं असू शकतं, तिथे ७९ धरून पाहा. संवत्सराचं नाव दिलं असेल तर पडताळा म्हणून वापरा, पण ते साठ वर्षांनी परत येतं हे विसरू नका. ‘सन १८६७चा आक्ट २५’ याप्रमाणे रजिस्टर केल्याची ओळ असेल तर पुस्तक अर्थातच त्यानंतरचं.

किंमत हा माझा सगळ्यात लाडका पुरावा. रुपयाच्या आकड्यापुढे उभ्या रेघा असतील तर ते आणे आहेत: एक रेघ म्हणजे चार आणे, दोन रेघा आठ, तीन रेघा बारा. ‘१॥ रु.’ म्हणजे दीड रुपया. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. त्यामुळे आण्यांतली किंमत बहुधा त्याआधीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४, कारण त्यानंतर ‘नये’ गळून नुसते पैसे राहिले. एका शब्दावरून सात वर्षांची चौकट मिळते. मात्र जुन्या किमतीवर चिकटवलेली पट्टी किंवा रबरी शिक्का असेल तर त्याने फसू नका. दुकानदाराने पडून राहिलेल्या प्रतींना नंतर वाढीव किंमत लावलेली असते. पट्टीखाली बघायचं. ती ओढून काढायची नाही, पान उजेडासमोर धरायचं.

पत्ता बघा. ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असा नुसता विभाग असेल तर बहुधा जुनं. सहा आकडी पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२नंतरचं. शुद्धलेखन बघा. ‘नाहीं’, ‘त्यांत’, ‘करूं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार ओळीओळीला असतील तर साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांआधीचं असण्याची शक्यता जास्त. काही हट्टी लेखकांनी ते पुढेही चालू ठेवले, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. आणि ‘इतका’ऐवजी ‘अितका’, ‘उद्या’ऐवजी ‘अुद्या’ छापलेलं दिसलं तर गोंधळू नका, ती छपाईची चूक नाही. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ-ची बाराखडी किर्लोस्करांच्या मासिकांनी नेटाने वापरली होती.

आता बोटांचं काम. पान उलटून मागच्या कोऱ्या जागेवरून बोट हळू फिरवा आणि तिरप्या उजेडात धरा. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेलं असेल तर अक्षरांचा दाब मागून जाणवतो, बारीक उंचवटे असतात. ऑफसेटचं पान सपाट लागतं. शिळाप्रेसचं, म्हणजे दगडावरून छापलेलंही सपाटच असतं, पण तिथे अक्षर हाताने लिहिलेलं, त्यामुळे एकाच पानावरचे दोन ‘क’ हुबेहूब सारखे नसतात. खिळ्यांच्या जमान्यातलं म्हणून कुणी पुस्तक दाखवलं आणि ते सपाट निघालं, अक्षरांच्या कडा किंचित फुगलेल्या दिसल्या, तर ते नंतर फोटो काढून केलेलं पुनर्मुद्रण समजा. शीर्षकपानासकट छापलेलं असल्यामुळे साल मात्र जुनंच दिसतं.

आवृत्तीबद्दल स्वतःची फजिती सांगतो. एका कादंबरीची १९४८ची ‘पहिली आवृत्ती’ मी बाराशे रुपयांना घेतली आणि आठ दिवस मिरवली. पुढे ग्रंथालयात शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची उघडली तर तीच कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाने सतरा वर्षं आधी काढलेली. विकणारा खोटं बोलला नव्हता. पानावर बारीक अक्षरात ‘आमची पहिली आवृत्ती’ असंच होतं, ‘आमची’ माझ्या डोळ्यांनी गाळलं. तेव्हापासून दाते बघितल्याशिवाय पाचशेच्या वर खर्च करत नाही. या सूचीचा पहिला खंड १८०० ते १९३७ची पुस्तकं नोंदवतो, दुसरा १९५०पर्यंत जातो. मोठ्या जुन्या ग्रंथालयांत संदर्भविभागात ती असते: मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर अशा ठिकाणी विचारा. एक दुपार नुसती चाळण्यात घालवा. आपल्या कोपऱ्यात काय-काय निघालं होतं ते कळल्यावर बाजारात गेलात तर नजर वेगळी पडते.

तिसरी पायरी: कुठे हिंडायचं

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. मुंबईत हुतात्मा चौकाचा पदपथ, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, आणि शुक्रवारी चोरबाजार. पण खरं सांगायचं तर माझ्याकडचा चांगला माल यातल्या एकाही ठिकाणचा नाही. तो आला घरं रिकामी होताना. वाडा पाडून इमारत होणार असते, मुलं परदेशी असतात, माळ्यावरच्या ट्रंका उघडायला कुणाला वेळ नसतो. तिथे पहिला पोचतो तो रद्दीवाला. म्हणून आपल्या भागातल्या तीन-चार रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा, ‘जुनं मराठी काही आलं की फाडू नका, फोन करा’ म्हणून सांगा, आणि बोलावलं की जा, माल भिकार निघाला तरी चार अंक घेऊन या. दोनदा रिकाम्या हाताने परतलात तर तिसरा फोन येत नाही.

वाचनालयं जुनी पुस्तकं काढतात तोही एक मार्ग आहे. इथे एकच काळजी: शिक्का असलेल्या प्रतीवर ‘रद्द’ किंवा तसा दुसरा शिक्का, निदान विक्रीची पावती हवी. ते नसेल आणि वाचनालय अजून चालू असेल तर आधी त्यांना विचारा. चोरीचं पुस्तक कपाटात कितीही देखणं दिसलं तरी ते आपलं नसतं.

नेटवर घेत असाल तर मुखपृष्ठाच्या फोटोवर पैसे पाठवू नका. शीर्षकपान, त्याची मागची बाजू, अनुक्रमणिका, शेवटचं पान आणि कणा, असे पाच फोटो मागा. देणारा कुरकुरला तर सोडून द्या.

चौथी पायरी: हातात घेतल्यावर

पुस्तकाचे पृष्ठांक तपासणं कंटाळवाणं असतं, तरी करा. मासिकांना जास्त वेळ द्या, कारण मासिकं लोकांनी कापली. चित्रं फ्रेमला गेली, पाककृती वहीत, शब्दकोडी सोडवून पोस्टात. पिना असलेल्या अंकाचं अगदी मधलं पान आधी बघा, रंगीत चित्र तिथे असायचं आणि ते सुटून येतं. जाहिरातींच्या पानांना वेगळे पृष्ठांक असतात किंवा नसतातच, त्यामुळे ‘पानं पूर्ण आहेत’ या शब्दाला फार अर्थ नाही. त्याच महिन्याचा दुसरा अंक शेजारी ठेवूनच खरं कळतं.

१९५१ पासूनच्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाच्या प्रती बघताना खिडक्या मोजा. वरच्या पानाला कापलेली खिडकी, ती उघडली की खालच्या पानावरचं चित्र भलतंच निघायचं. घरातल्या प्रत्येकाने, पाहुण्यांनी, शेजारच्या मुलांनी ती वीस-वीस वेळा उघडलेली असते. खिडकीची झडप बिजागरीशी फाटते आणि मग कुणीतरी सेलोटेप लावतं. झडपा शाबूत असलेला अंक मिळाला तर किमतीवर फार घासाघीस करू नका.

बांधलेले खंड स्वस्त दिसतात. एका खंडात बारा महिने! पण वाचनालयासाठी बांधताना बाइंडरने मुखपृष्ठं आणि जाहिराती फेकलेल्या असतात आणि कडा कापून समास खाल्लेला असतो. वाचायला उत्तम, प्रत म्हणून अर्धी.

पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतून आलेल्या जुन्या पुस्तकांवर कधीकधी एक तपकिरी रेघ दिसते, सगळ्या पानांवर एकाच उंचीवर. ती १२ जुलै १९६१ची, पानशेतच्या पुराची असू शकते. माझ्याकडे एक असा खंड आहे. मालकाने रेघेच्या वर पेन्सिलीने लिहिलंय, ‘इथपर्यंत पाणी.’ हा दोष धरून मी तो निम्म्या किमतीत मागितला होता, आज तोच पाहुण्यांना आधी दाखवतो.

भाव

इथे थोडक्यात आवरतो, कारण ठरलेला दर कुठेच नाही. किती प्रती उरल्या, किती जणांना हवी आहे आणि अवस्था कशी, या तीनच गोष्टी. नुसत्या वयाला किंमत नसते. शंभर वर्षांपूर्वीची छापील धार्मिक पोथी घरोघरी होती, म्हणून पुष्कळ उरली. ती श्रद्धेने ठेवा, भाव येईल अशी आशा धरू नका. दुसऱ्या टोकाला फादर स्टीफन्सचं मराठी काव्य ख्रिस्तपुराण: १६१६ला गोव्यात राशोलला रोमी लिपीत छापलेल्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. कुणी ‘आहे’ म्हणाला तर चहा पाजा आणि पुरावा मागा.

घासाघीस करा, पण विकणाऱ्याला अडाणी समजू नका. पदपथावरच्या एका गृहस्थांशी माझं झालेलं संभाषण:

‘किती, दादा?’

‘तीनशे.’

‘अहो, मधली चार पानं नाहीत यात.’

‘म्हणून तर तीनशे, काका. असती तर साडेसातशे सांगितले असते.’

पाचवी पायरी: घरी आणल्यावर

आणलेला गठ्ठा थेट कपाटात ठेवायचा नाही. पंधरा दिवस वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर. कागदावर बारीक भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. मग पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. फ्रीजर घरचाच असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.

धूळ मऊ कोरड्या ब्रशने, कण्याकडून बाहेर. ओलं फडकं नाही. बुरशी असेल तर आधी सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग गॅलरीत मास्क लावून झटका. उन्हात वाळवू नका, पुठ्ठा वाकतो आणि मुखपृष्ठाचा रंग उडतो.

पोथी लिहून संपवणारे शेवटी एक श्लोक घालत: ‘तैलाद् रक्षेत्, जलाद् रक्षेत्, रक्षेत् शिथिलबंधनात्’. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला वाचवा, असं पुस्तकच म्हणतं. आज मी त्यात सेलोटेप घातली असती. टेप पाच-दहा वर्षांत सुटते, गोंद कागदात मुरतो आणि तो पिवळा पट्टा मग कुणाला निघत नाही. फाटलं असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ, तीही आधी रद्दीच्या पानावर हात बसवून. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. किडीचं ठीक, पण त्यातलं तांबं कागद जाळतं. बाइंडरकडे दिलंत तर दोन वाक्यं सांगाच: मोरचूद नको, आणि कडा कापायच्या नाहीत. शक्यतो देऊच नका, आम्लविरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डबीत ठेवलेली खिळखिळी प्रत जास्त जगते.

कपाट लोखंडी, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे, सगळ्यात खालचा खण रिकामा. पुस्तकं उभी, मासिकं आडवी, वीतभरापेक्षा उंच थप्पी नाही. गंजलेल्या पिना बोथट चिमट्याने सरळ करून काढा आणि घडीत सुती दोरा घाला. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या शाईला चिकटतात, पॉलिएस्टरच्या घ्या आणि कोकणात राहत असाल तर त्यांचं तोंड उघडं ठेवा. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही. नॅफ्थलीनच्या गोळ्या मी बंद केल्या, वासाने माझंच डोकं धरायचं. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कपाट उघडून हवा द्या, पाऊस कोसळत असेल तो दिवस सोडून.

दोन कायदेशीर गोष्टी

हस्तलिखितं घेणार असाल तर लक्षात ठेवा: ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं, पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याने ‘मामा, एखादी पोथी पाठव ना’ म्हटलं तर अलीकडचं छापील पुस्तक द्या. आणि आपल्याकडे प्रत आहे म्हणजे स्कॅन करून वाटायचा हक्क आला असं नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो.

नोंदवही

पहिल्या दिवसापासून ठेवा. मी ठेवली नाही, आता निम्म्या पुस्तकांचा उगम मला आठवत नाही. तारीख, ठिकाण, किंमत, काय कमी आहे, आणि प्रतीवर हाताने काय लिहिलंय, एवढं पुरे. पुस्तकावर पेनाने काही लिहू नका, आत पेन्सिलीने बारीक क्रमांक टाका. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

‘क्र. २१४. ‘स्त्री’, १९५२चा एक अंक. जुना बाजार, रविवार. ४० रु. मलपृष्ठ नाही, पिना गंजलेल्या. विणकामाच्या पानावर शाईने हिशेब: दूध, रॉकेल, बाळाचं औषध, तिकीट दादर. खाली बेरीज चुकली आहे. पूर्ण प्रत मिळाल्यास घेणे. ही विकायची नाही.’